उघड्या दाराचें शहर : मार्सेल्स

भूमध्य समुद्राच्या परिसरांतील जुनीं शहरें पाहावयास निघालेल्या प्रवाशाच्या मनांत बहुधा एक ठराविक चित्र असतें. अथेन्समध्यें टेकडीवर संगमरवरी मंदिर दिसावें, रोममध्यें भव्य भग्न प्रेक्षागार दिसावें, व्हेनिसमध्यें पाण्यांत पाय सोडून उभे राहिलेले वाडे दिसावेत, आणि तें सारें पाहून झालें म्हणजे शहर पाहिल्याचें समाधान वाटावें. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्सेल्स या अपेक्षेस उतरत नाहीं. फ्रान्समधील शहरांत तें वयानें सर्वांत वडील, इ. स. पूर्वीं ६०० च्या सुमारास तें वसलें. परंतु सव्वीसशें वर्षांच्या या वृद्धाजवळ दाखवावयास एकही उभें ग्रीक मंदिर नाहीं. कित्येक पिढ्या प्रवाशांनीं त्याच्याकडे मुक्कामाचें स्थळ म्हणून पाहिलेंच नाहीं. आगबोटींतून उतरावें, आगगाडींत बसावें आणि पॅरिस गाठावें, एवढाच त्यांचा मार्सेल्सशीं संबंध. असें असूनही जो तेथें दोन दिवस थांबतो, त्याला हें शहर सहसा विसरतां येत नाहीं. या आकर्षणाचें मूळ कोठें आहे, तें पाहण्यासारखें आहे.

मूळ शोधावयाचें तर प्रथम भूगोलाकडे वळलें पाहिजे. समुद्रापासून आंत शिरलेली, सुमारें एक किलोमीटर लांबीची एक चिंचोळी खाडी आहे. तिच्या तोंडाशीं दोन्ही बाजूंस उंचवटे आहेत, त्यामुळें बाहेर कितीही खवळलेला समुद्र असला तरी आंतील पाणी शांत राहतें. ऱ्होन नदीच्या खोऱ्यांतून उत्तरेकडून ‘मिस्त्राल’ नांवाचा थंड, कोरडा व अत्यंत जोराचा वारा दक्षिणेकडे झेपावतो. त्या वाऱ्यांत सांपडलेल्या गलबताला अशी खाडी म्हणजे आईची कूसच. दुसरी गोष्ट अशी कीं, ऱ्होन नदीचें मुख येथून पश्चिमेस आहे. नदीच्या खोऱ्यांतून अंतर्भागाशीं व्यापार करावयास तें पुरेसें जवळ, पण नदीचा गाळ येऊन बंदर बुजणार नाहीं इतकें दूर. त्याच किनाऱ्यावरील एगमोर्त हें बंदर गाळानें भरून समुद्रापासून तुटलें. मार्सेल्सची खाडी मात्र जशीच्या तशी राहिली. शहरें राजे वसवितात असें म्हणण्याची रीत आहे. मार्सेल्स या खाडीनें वसविलें.

या खाडींत पहिलीं तारवें आणणारे लोक ग्रीक होते. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील फोसिया नगराचे ते दर्यावर्दी. त्यांच्या आगमनाची जी कथा प्राचीन लेखकांनीं नमूद केली आहे, ती हिंदी वाचकास परकी वाटणार नाहीं. तेथील स्थानिक टोळीच्या राजाची कन्या जिप्टिस हिचा विवाह ठरावयाचा होता. चालीप्रमाणें मेजवानीस जमलेल्या तरुणांपैकीं ज्याच्या हातीं ती पेला देईल, तो तिचा पति होणार. त्याच दिवशीं परदेशी पाहुणे दाखल झाले आणि राजानें त्यांनाही पंक्तीस बसविलें. जिप्टिसनें आपल्या जातभाईंकडे न पाहतां पेला दिला तो प्रोटिस या परदेशी तरुणाला. राजानें जांवयास खाडीकांठची जमीन दिली आणि तेथें मसालिया नगर उभें राहिलें. हें एक प्रकारचें स्वयंवरच होय. कथेंत इतिहास किती आणि कल्पना किती, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. बहुतेक नगरें आपली उत्पत्ति विजयाच्या कथेनें सांगतात. मार्सेल्स ती अतिथीच्या स्वागतानें सांगतें.

या दारांतून माणसें आंत आलीं, तशीं बाहेरही गेलीं. इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत येथील पायथियस नांवाचा जिज्ञासु पुरुष जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीबाहेर पडून ब्रिटनपर्यंत व त्याच्याही उत्तरेस जाऊन आला. समुद्राच्या भरतीओहोटीचा चंद्राशीं संबंध आहे, असें सांगणाऱ्या पहिल्या पाश्चात्य अभ्यासकांत त्याची गणना होते. भूमध्य समुद्रांत भरतीओहोटी जवळजवळ जाणवतच नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्याच्या निरीक्षणाचें मोल कळतें. त्याचा मूळ ग्रंथ नष्ट झाला. इतरांनीं घेतलेल्या उल्लेखांवरूनच तो ओळखावा लागतो. आज मार्सेल्सच्या जुन्या व्यापारभवनाच्या दर्शनी भागावर त्याचा पुतळा आहे.

इ. स. पूर्वीं ४९ सालीं सीझर आणि पाँपी यांच्या यादवींत मसालियानें पाँपीची बाजू घेतली. सीझरच्या सैन्यानें वेढा घालून शहर जिंकलें आणि त्याचें आरमार व बहुतेक मुलूख हिरावून घेतला. त्यानंतर घरांवर घरें चढत गेलीं आणि ग्रीकांचें नगर पायांखालीं गडप झालें. तें पुन्हां दिसलें तें अगदीं अनपेक्षित रीतीनें. १९६७ सालीं व्यापारी संकुल बांधण्यासाठीं शहराच्या मध्यावर पाया खणतांना ग्रीक तटबंदी आणि प्राचीन बंदराचा कांठ उघडा पडला. १९७४ सालीं त्याच जागीं रोमन काळांतील एक मोठें व्यापारी गलबत चिखलांत सांपडलें. ओल्या लाकडास हवा लागली तर त्याचा भुगा होतो, म्हणून तें गोठवून वाळविण्यांत आलें. आज शहराच्या इतिहास-संग्रहालयांत तें पाहावयास मिळतें. खिडकीबाहेर त्या काळचा धक्का दिसतो आणि त्याला लागूनच आधुनिक दुकानांची गर्दी.

सोळाव्या शतकांत या बंदराबाहेर एक असा पाहुणा येऊन गेला कीं त्याचा वृत्तांत गोव्याशीं जोडलेला आहे. गुजरातच्या सुलतानानें गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याजकडे एक गेंडा भेट म्हणून पाठविला. आल्बुकर्कनें तो पुढें लिस्बनला धाडला आणि १५१५ सालीं तो तेथें पोहोंचला. युरोपांत त्या काळच्या कोणीही जिवंत गेंडा पाहिलेला नव्हता. जर्मन चित्रकार ड्यूरर यानें केवळ वर्णनावरून व एका कच्च्या चित्रावरून त्याचें जें काष्ठचित्र केलें, तें जगप्रसिद्ध आहे. पोर्तुगालच्या राजानें तो प्राणी पोपला देण्यासाठीं पुन्हां गलबतावर चढविला. १५१६ च्या आरंभीं तें गलबत मार्सेल्ससमोरील बेटाशीं थांबलें असतां फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा गेंडा पाहावयास मुद्दाम गेला. पुढें इटलीच्या किनाऱ्यालगत वादळांत तें गलबत बुडालें व गेंडाही गेला. याच राजानें पुढें समोरच्या इफ नांवाच्या खडकाळ बेटावर किल्ला बांधविला. त्याचा लौकरच तुरुंग झाला. अलेक्झांद्र द्यूमाच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ या कादंबरीचा नायक याच तुरुंगांत खितपत पडतो. तो नायक काल्पनिक आहे, पण त्याची म्हणून एक कोठडी व भिंतींतील एक भोंक प्रवाशांस आजही दाखविलें जातें, आणि प्रवासीही तें मोठ्या भक्तिभावानें पाहतात.

उघडें दार हें वैभवाचें साधन असतें, तसेंच संकटाचेंही असतें. मार्सेल्सनें हें १७२० सालीं भयंकर किंमत देऊन अनुभविलें. त्या वर्षीं २५ मे रोजीं ‘ग्रां सेंत-आंत्वान’ नांवाचें गलबत सीरियाच्या किनाऱ्याकडून रेशीम व कापूस घेऊन आलें. वाटेंतच त्यावरील कित्येक माणसें दगावलीं होतीं. बंदरांत येणाऱ्या प्रत्येक गलबतास कांहीं दिवस अलग ठेवण्याचा कडक नियम होता आणि तोपर्यंत तो नियम शहराचें रक्षण करीत आला होता. परंतु त्या मालांत शहरांतील वजनदार मंडळींचा पैसा गुंतला होता. नगराच्या मुख्य अधिकाऱ्यांपैकीं एक जण स्वतः त्यांत भागीदार होता. जुलैमध्यें बोकेर गांवीं मोठी जत्रा भरावयाची होती व तेथें माल पोहोंचला नाहीं तर तोटा होणार होता. नियम सैल झाला, गांठोडीं बाहेर पडलीं, आणि त्यांतून प्लेग शहरांत शिरला. सुमारें नव्वद हजार वस्तीपैकीं चाळीस हजारांच्या आसपास माणसें मरण पावलीं. प्रेतें उचलावयास माणूस मिळेना, तेव्हां कैद्यांना जुंपावें लागलें. बिशप बेलझून्स आणि शेवालिए रोझ यांच्यासारखे कांहीं लोक शहर सोडून न जातां रोग्यांत व प्रेतांत वावरले, म्हणून त्यांचीं नांवें आजही रस्त्यांना व चौकांना आहेत. सप्टेंबरांत तें गलबत जाळून बुडविण्यांत आलें. १९७८ सालीं त्याचे अवशेष समुद्राच्या तळाशीं सांपडले. दार उघडें ठेवणें हा अपराध नव्हता. चार धनिकांच्या नफ्यासाठीं पहारेकऱ्यास डोळे मिटावयास लावलें, हा अपराध होता.

दार उघडावें कोणास आणि मिटावें कोणास, हा वाद या शहराच्या दगडांतही लिहिलेला दिसतो. खाडीच्या मुखाशीं दोन किल्ले समोरासमोर आहेत. त्यांपैकीं दक्षिणेकडील सें-निकोला किल्ला चौदाव्या लुईनें १६६० मध्यें उठविला, आणि त्याच्या तोफांचा रोख समुद्राइतकाच शहराकडेही होता. कारण मार्सेल्सची स्वतंत्र वृत्ति राजास खपत नव्हती. उत्तरेकडील ‘पानिए’, म्हणजे टोपली, या नांवाच्या जुन्या वस्तींत पिएर प्युजे या तेथल्याच शिल्पज्ञानें योजिलेली एक देखणी गुलाबी दगडाची इमारत आहे. तिन्ही मजल्यांच्या कमानी आंतील चौकाकडे वळलेल्या आहेत. रस्त्याच्या बाजूस मात्र उघड्या भिंतीच दिसतात. याचें कारण असें कीं, ती रस्त्यांवरील भिकाऱ्यांना व अनाथांना कोंडून ठेवण्यासाठीं बांधिली होती. आज तेथें संग्रहालयें आहेत व कमानींच्या सांवलींत बसून लोक निवांत वाचीत असतात.

एकदां मात्र या शहराच्या बंडखोरपणानें साऱ्या देशास स्वर दिला. १७९२ च्या एप्रिलमध्यें रूझे द लील यानें दूर स्ट्रासबर्ग येथें ऱ्हाइनच्या सैन्यासाठीं एक युद्धगीत रचिलें. मार्सेल्सचे स्वयंसेवक तें गात गात पायीं पॅरिसला गेले. ३० जुलै रोजीं ते राजधानींत शिरले तेव्हां लोकांनीं त्या गीताचें नांवच ‘मार्सेयेझ’ ठेविलें. गीत मार्सेल्सचें नव्हे, गायक मार्सेल्सचे. पण आज फ्रान्सच्या राष्ट्रगीतावर नांव आहे तें गायकांच्या गांवाचें.

१८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला आणि मार्सेल्सचें दार थेट मुंबईच्या समोर आलें. वाफेच्या मोठ्या जहाजांना जुनी खाडी अपुरी पडूं लागल्यामुळें ला जोलिएत येथें नवे धक्के त्याआधींच बांधण्यास आरंभ झाला होता. मुंबईहून निघालेली टपालबोट मार्सेल्सला लागली कीं ज्यांना घाई असे, ते उतारू तेथें उतरून आगगाडीनें उत्तरेस जात. बिस्केच्या उपसागरांतील हेलकावे टळत आणि सुमारें आठवडाही वांचे. विलायतेस बॅरिस्टरी, वैद्यक किंवा सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेसाठीं जाणाऱ्या अनेक हिंदी विद्यार्थ्यांस युरोपचें पहिलें दर्शन याच धक्क्यावर झालें. बंदराजवळील टेकाडावर सें-शार्ल स्थानक आहे. तेथून शहरांत उतरणारा १०४ पायऱ्यांचा भव्य जिना १९२७ सालीं खुला झाला. त्याच्या पायथ्याशीं आशियांतील व आफ्रिकेंतील वसाहतींच्या मूर्ति अर्धवट पहुडलेल्या स्त्रियांच्या रूपांत कोरल्या आहेत. साम्राज्याची ऐट आणि साम्राज्याचा दृष्टिकोन, हीं दोन्ही त्या दगडांत एकाच वेळीं दिसतात.

महाराष्ट्रांत मार्सेल्सचें नांव घरोघर पोहोंचलें तें मात्र एका उडीमुळें. विनायक दामोदर सावरकर यांना खटल्यासाठीं लंडनहून मुंबईस नेणारी ‘मोरिया’ बोट येथें थांबली होती. ८ जुलै १९१० च्या सकाळीं त्यांनीं शौचकूपाच्या गोल खिडकींतून समुद्रांत उडी टाकली, पोहून धक्का गांठला आणि फ्रान्सच्या भूमीवर ते धांवूं लागले. फ्रेंच पोलिसानें त्यांना पकडून परत इंग्रज पहारेकऱ्यांच्या स्वाधीन केलें. परक्या भूमीवर आश्रय मागणाऱ्या राजकीय बंदीस असें परत करतां येतें काय, हा प्रश्न फ्रान्समध्यें गाजला व हेगच्या लवादापुढें गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजीं लवादानें असा निर्णय दिला कीं, त्यांना पकडून देण्यांत अनियमितपणा झाला खरा, पण त्यांना परत करण्याचें बंधन ब्रिटनवर नाहीं. कायद्याच्या अभ्यासकांत या निर्णयाची चर्चा पुढेंही चालू राहिली. दार आणि दाराआडचा आश्रय यांत किती अंतर असूं शकतें, याचें हें एक उदाहरण.

त्यानंतर चार वर्षांनीं, १९१४ च्या सप्टेंबरअखेर, पहिल्या महायुद्धासाठीं आलेले हिंदी सैनिक याच बंदरांत उतरले. लाहोर डिव्हिजनबरोबर पुण्याजवळील खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीच्या तुकड्याही होत्या. लोकांनीं रस्त्यांच्या दुतर्फा उभें राहून त्यांचें स्वागत केलें. त्यांपैकीं अनेक जण बेल्जियमच्या व उत्तर फ्रान्सच्या चिखलांतून परत आले नाहींत. शहराच्या दक्षिणेस माझार्ग येथील युद्धस्मशानभूमींत हिंदी सैनिकांचें स्मारक आहे. ११ सप्टेंबर १९३१ रोजीं गोलमेज परिषदेस जातांना महात्मा गांधी ‘राजपुताना’ बोटींतून येथेंच उतरले. आतां हिंदी प्रवासी विमानानें येतात, पण ही जुनी ओळख तुटलेली नाहीं. २०२५ सालीं भारताचा वाणिज्य दूतावास मार्सेल्स येथें उघडला.

शहराच्या कोणत्याही भागांतून मान वर केली कीं दिसतें तें नोत्र-दाम द ला गार्द हें टेकडीवरील प्रार्थनामंदिर. १८६४ सालीं त्याची प्रतिष्ठापना झाली. टेकडीची उंची सुमारें १५० मीटर आणि मनोऱ्यावरील सुवर्णलेपित मातृमूर्ति सुमारें ११ मीटर. गांवांतील लोक तिला ‘भली आई’ म्हणतात. आंत गेल्यावर छतापासून लहान लहान गलबतांच्या प्रतिकृति टांगलेल्या दिसतात, आणि भिंतींवर वादळांतून वांचलेल्या नावाड्यांनीं अर्पण केलेल्या पाट्या व चित्रें. कोळ्यांच्या नवसाची ही परंपरा कोंकणच्या किनाऱ्यावरील माणसास समजावून सांगावी लागणार नाहीं. येथील गच्चीवरून एका दृष्टिक्षेपांत सारें कळतें : पायथ्याशीं चौकोनी खाडी, तिच्या तोंडाशीं दोन किल्ले, पलीकडे मोठे धक्के, समोर इफचें बेट, आणि मागें उघड्याबोडक्या पांढऱ्या डोंगरांची रांग.

त्याच गच्चीवरून जुन्या बंदराच्या उत्तर कांठाकडे पाहिलें तर एक गोष्ट खटकते. सर्वांत जुन्या वस्तीच्या जागीं एकसारख्या, विसाव्या शतकांतील इमारतींची ओळ उभी आहे. याचें उत्तर दुसऱ्या महायुद्धांत आहे. १९४० सालीं फ्रान्सचा पराभव झाल्यावर जर्मनांपासून पळणारे हजारो लोक परदेशीं जाण्याचें परवानापत्र मिळविण्यासाठीं मार्सेल्सला येऊन अडकले. व्हेरियन फ्राय या अमेरिकन पत्रकारानें १९४०-४१ मध्यें येथें राहून सुमारें दोन हजार माणसांना निसटून जाण्यास साहाय्य केलें. चित्रकार मार्क शगाल व मॅक्स अर्न्स्ट हे त्यांपैकींच. पण जे राहिले त्यांच्या वांट्यास १९४३ चा जानेवारी आला. जर्मन सैन्य व फ्रेंच पोलीस यांनीं जुन्या बंदराची वस्ती घेरली आणि सुमारें वीस हजार रहिवाशांस घराबाहेर काढलें. शेंकडो ज्यू स्त्रीपुरुषांची रवानगी मृत्युछावण्यांकडे झाली. नंतर फेब्रुवारींत सुमारें पंधराशें घरें सुरुंगांनीं उडविण्यांत आलीं. ज्या गल्ल्यांत जगभरचे खलाशी, कोळी व निर्वासित राहत, त्या नाहींशा झाल्या. ऑगस्ट १९४४ मध्यें शहर मुक्त झालें. त्या लढाईंत नोत्र-दामची टेकडी काबीज करणाऱ्यांत अल्जीरियाचे सैनिक अग्रभागीं होते. परक्यांना घालविण्यासाठीं जें शहर उध्वस्त केलें, तें परक्यांनींच सोडवून दिलें.

युद्धानंतर दारांतून येणाऱ्यांची रीघ पुन्हां सुरू झाली. इटालियन व आर्मेनियन लोक पूर्वींच आलेले होते. १९६२ सालीं अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर तेथून निघालेले लाखो फ्रेंच नागरिक बोटींनीं येऊं लागले, आणि त्यांतील फार मोठ्या संख्येनें प्रथम येथेंच पाय ठेविला. अल्जीरियन, ट्युनिशियन व कोमोरो बेटांतील मजूर कुटुंबेंही आलीं. आज साडेआठ लाखांहून अधिक वस्तीचें मार्सेल्स हें फ्रान्सचें दुसऱ्या क्रमांकाचें शहर आहे. घरांची टंचाई निवारण्यासाठीं ल कॉर्ब्युझिए या स्थापत्यविशारदानें १९४७ ते १९५२ या काळांत खांबांवर उभारलेली ३३७ सदनिकांची प्रचंड इमारत येथें बांधिली. तिच्यांत दुकानें, शाळा आणि गच्चीवर मुलांसाठीं उथळ तलाव अशी सारी योजना आहे. २०१६ सालीं जागतिक वारशाच्या यादींत तिचा समावेश झाला, तो त्याच शिल्पज्ञाच्या चंदीगड येथील इमारतींबरोबरच.

हा सारा इतिहास जाणला म्हणजे जुन्या बंदराचें सकाळचें दृश्य निराळेंच दिसूं लागतें. धक्क्यावर कोळिणी मासळीच्या पेट्या मांडून गिऱ्हाइकांस हांका मारतात. ‘बुयाबेस’ या प्रसिद्ध खाद्याचा जन्म याच धक्क्यावरचा. विकली न गेलेली, कांटेरी, खडकाळ पाण्यांतील मासळी कोळी लोक मोठ्या भांड्यांत शिजवीत; त्यांत लसूण, ऑलिव्ह तेल आणि केशर. आज तेंच श्रीमंतांचें पक्वान्न झालें आहे. १९८० सालीं कांहीं उपाहारगृहांच्या मालकांनीं त्याच्या शुद्धतेसाठीं लेखी करारही केला. प्रथम रस्सा पावाबरोबर खावयाचा, मग मासे. दुकानांत हिरव्या व फिकट साबणाच्या वड्या रचलेल्या असतात. १६८८ च्या राजाज्ञेनें त्यांत ऑलिव्ह तेलाखेरीज कांहीं घालण्यास बंदी केली होती. पुढें कारखाने वाढले आणि आफ्रिकेंतून व हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यावरूनही भुईमूग येथील घाण्यांवर येऊं लागला. ज्या घडणीचें कौल आपल्याकडे मंगलोरी म्हणून ओळखलें जातें, तशाच एकमेकांत गुंतणाऱ्या कौलांचीं गलबतें एकोणिसाव्या शतकांत येथून देशोदेशीं जात. बंदराचें वैशिष्ट्य असें कीं, तेथें परकी वस्तु फार दिवस परकी राहत नाहीं.

शहराच्या दक्षिणेस चुनखडीच्या डोंगरांत समुद्र शिरून ‘कालांक’ नांवाच्या अरुंद, निळ्या पाण्याच्या खाड्या झाल्या आहेत. २०१२ सालीं त्या भागाचें राष्ट्रीय उद्यान झालें. तेथेंच आंरी कोस्के या पाणबुड्यानें शोधलेल्या गुहेची वार्ता १९९१ सालीं जाहीर झाली. तिचें तोंड समुद्रसपाटीखालीं ३७ मीटरांवर आहे, आणि आंत हजारो वर्षांपूर्वींच्या माणसांनीं काढलेलीं घोडे, रानरेडे व समुद्रपक्षी यांचीं चित्रें आहेत. हिमयुगांत समुद्र पुष्कळ खालीं असल्यामुळें ते लोक तेथें चालत जाऊं शकले. समुद्राची पातळी आतां पुन्हां चढत आहे व तळची चित्रें पाण्याखालीं जात आहेत. म्हणून बंदराच्या कांठीं त्या गुहेची हुबेहुब प्रतिकृति करून ती २०२२ सालीं लोकांसाठीं खुली करण्यांत आली.

येथपर्यंत आकर्षणाची गोष्ट झाली. पण आकर्षणालाही आपला हिशेब चुकवावा लागतो. २०१३ सालीं मार्सेल्स युरोपची सांस्कृतिक राजधानी ठरलें. बंदराच्या मुखाशीं काळ्या जाळीदार भिंतींचें भूमध्य संस्कृतींचें संग्रहालय उभें राहिलें व एका अरुंद पुलानें तें जुन्या सें-जां किल्ल्यास जोडलें गेलें. धक्का झाडून पुसून पायीं चालणाऱ्यांस मोकळा झाला. पाहुण्यांचा ओघ वाढला. परंतु त्याच बंदरापासून थोड्याच अंतरावर, रू दोबाञ नांवाच्या रस्त्यावर, ५ नोव्हेंबर २०१८ रोजीं जीर्ण घरें कोसळून आठ माणसें ठार झालीं. भिंतींना तडे गेल्याच्या तक्रारी रहिवाशांनीं पूर्वींच केल्या होत्या. त्यानंतरच्या तपासणींत शहरांतील हजारो लोकांना धोक्याच्या घरांतून हलवावें लागलें. दिवाणखाना सजविला आणि माजघराचें वासे कुजत राहिले, अशी ही स्थिति होती.

या दुर्घटनेनें एक प्रश्न सर्वांपुढें उभा केला : शहर कोणासाठीं आहे? प्रवाशांना थोड्या दिवसांसाठीं खोल्या भाड्यानें देण्यांत अधिक पैसा मिळतो, म्हणून रहिवाशांस घरें मिळेनाशीं होतात. प्रचंड विहारनौका धक्क्याला लागतात व त्यांच्या धुरानें जवळच्या वस्त्यांची हवा बिघडते. २०२२ सालीं नगराध्यक्षांनीं अशा नौकांविरुद्ध जाहीर अर्जावर लोकांच्या सह्या मागितल्या. त्याच वर्षीं सुजितों या कालांकमध्यें उन्हाळ्याच्या दिवसांत येणाऱ्यांची संख्या मर्यादित करण्यांत आली. पूर्वीं गर्दीच्या दिवशीं तेथें अडीच हजारांपर्यंत माणसें जात. आतां आगाऊ नांव नोंदविलेल्या चारशें जणांनाच प्रवेश मिळतो. त्यासाठीं पैसे पडत नाहींत, त्यामुळें गरिबाची वाट बंद होत नाहीं. पायांखालीं तुडविलेली माती व झाडांचीं उघडीं पडलेलीं मुळें सांवरावीं, हा त्याचा हेतु. दार बंद न करतांही पहारा कसा ठेवावा, याचा हा एक लहानसा पण शहाणपणाचा पाठ आहे. १७२० सालीं नेमकें हेंच साधलें नव्हतें.

म्हणून मार्सेल्सला जाणाऱ्यानें स्मारकांची यादी हातीं घेऊन धांवाधांव करण्यांत अर्थ नाहीं. एक संपूर्ण सकाळ जुन्या बंदरावर घालवावी, तेथून पायींच टेकडीवर चढावें, उतरतांना पानिएच्या गल्ल्यांतून यावें, आणि ज्या बाजारांत अल्जीरियन मसाले, आर्मेनियन मिठाई व फ्रेंच पाव एकाच ओळींत विकले जातात तेथें थोडें थांबावें. राहण्याची जागा निवडतांना आपल्यामुळें एखाद्या कुटुंबाचें घर तर गेलें नाहीं ना, याचाही विचार करावा. जिप्टिसनें पेला दिला तो अनोळखी माणसाला. पण तो माणूस पाहुणा म्हणून पंक्तीस बसला होता, घर बळकावण्यास आला नव्हता. यजमानानें दार उघडें ठेवावें आणि पाहुण्यानें उंबरठ्याचा मान राखावा, एवढें झालें तर हें सव्वीसशें वर्षांचें बंदर पुढेंही येणाऱ्याला तसेंच आपलेंसें वाटत राहील.